सामाईक भिंत

वाटणीनंतर दोघा भावांनी एकमतानं केलेलं एकच काम म्हणजे कारखान्याच्या आवारात, थेट फाटकाच्या मधोमध घातलेली उंच भिंत. तेव्हापासून मोठ्यानं पलीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आता परदेशातल्या शीतगृहासाठी बनवलेलं त्याचं अजस्र कूलिंग यंत्र ट्रेलरवर चढलं होतं, बंदरात जहाज लागलं होतं, आणि फाटकाच्या त्याच्या अर्ध्या वाट्यातून ते काही केल्या बाहेर निघेना. धाकट्याच्या तोंडी लागायचं नव्हतं, म्हणून त्यानं आईला पुढं केलं. "त्याला सांग, भिंत पाडायची आहे. नाही म्हणाला तर कोर्टात खेचीन."

आई पलीकडे जाऊन लगेच परतली. "पाड म्हणाला. पण तुझी तू पाड. तो विटेला हात लावणार नाही."

"आला ना सुतासारखा सरळ? जिरली एकदाची रग." मोठ्यानं बाह्या सारल्या. गडी हाताशी असताना भर उन्हात स्वतः घण घातले आणि भिंत आडवी केली.

धुरळा खाली बसला. पलीकडे, फाटकाकडे तोंड करून, धाकट्याचा ट्रेलर उभा होता. त्यावर मोठ्याच्या यंत्राहूनही रुंद यंत्र होतं, त्याच जहाजानं जायचं, आणि ड्रायव्हरनं इंजिन सुरूही केलं होतं.



"आई," धाकटा शांतपणे म्हणाला, "त्याला म्हणावं, तेवढ्या विटा वाटेतून उचल."