वाळूतून बाहेर काढणारी काठी

वाळूच्या खड्ड्यात अडकलेला चेंडू बाहेर काढायला गोल्फमध्ये म्हणे वेगळी काठी लागते, तिला वेज म्हणतात. आमचे हे सकाळपासून दुकानात तीच निवडत होते. एकीचा कोन जास्त, दुसरी हाताला जड, तिसरी ह्यांच्या उंचीला जमेना. माझ्या गुडघ्यासाठी एक काठी आणा, असं मी वर्षभर सांगतेय, त्यावर ह्यांचं ठरलेलं उत्तर, "आणू गं, काठीत काय बघायचंय, कुठलीही चालते."

उभं राहून राहून जीव मेटाकुटीला आला. शेवटी ह्यांनी नाकारलेल्यांतली एक वेज मी उचलली, तिचं लोखंडी टोक मुठीत धरलं आणि टेकत टेकत दाराकडे निघाले.

मागून हे कळवळून ओरडले, "अगं, उलटी धरलीयस ती!"