वाकडी करंगळी

तीनशे म्हशींच्या गोठ्यात तीनशे यांत्रिक हात धारा काढत होते. तानूबाई बघतच राहिल्या. प्रत्येक पोलादी हाताची करंगळी बाहेर निघालेली, वाकडी! म्हशीच्या लाथेने मोडल्यापासून त्यांची स्वतःची करंगळी अशीच होती. तीन वर्षांपूर्वी तारांचे हातमोजे घालून त्यांनीच या यंत्रांना धार काढायला शिकवलं होतं.

“अगं, माझं मोडकं बोटबी उचललं व्हय ह्यांनी?” त्यांनी इंजिनिअर मुग्धाला विचारलं.

“आम्ही ते सरळ करून बघितलं होतं, काकू. म्हशींनी पान्हाच चोरला. मग पुन्हा तुमच्यासारखं केलं.”

तेवढ्यात फोटोवाला आला. एरवी लगेच पदराआड जाणारा हात तानूबाईंनी या वेळी आपणहून पुढे केला.