परसातली फरशी

चर्चमागच्या थडग्यांचे मोडके दगड एम्लिन फुकट सांधून देई. त्या वेल्श खेड्यात त्याला मान होता. आपल्या आईचा दगड त्याने उभा केला म्हणून म्हाताऱ्या नेस्टाकाकू पाव घेऊन त्याच्या परसात आल्या. “माझ्या पाठच्या बहिणीचा, मायरचाही दगड शोध रे. चार वर्षांचीच होऊन गेली.” “फुटला असेल, काकू,” तो नेहमीसारखाच बोलला. खुडूक कोंबडी पिल्लं घेऊन आली, तसा काकूंनी पाव कुस्करून चिखलमाखल्या फरशीवर टाकला. “तिथे नको, काकू,” एम्लिन घाईने म्हणाला. कोंबडीने चिखल उकरला. पिल्लं कोरीव अक्षरांतले कण टिपू लागली. काकूंनी वाकून बहिणीचं नाव वाचलं. “माझ्या बाबांनी फरशीसाठी आणला होता,” तो पुटपुटला. “आणि मला ठाऊक होतं, काकू.” तो पिल्लांना हुसकायला गेला, पण काकूंनी हात धरला. “भुकेली आहेत. खाऊ दे आधी.” टोपी काढून, शेवटचा कण संपेपर्यंत तो उभा राहिला.