जावयाला उत्तर

जावयाच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. 'बाबा, मृदुला तुमच्याकडे येऊन दोन महिने झाले. फोन उचलत नाही. काय करू?' कानडी माणसानं जपून लिहिलेलं मराठी.

'तिला न्यायला या' असं मराठीत लिहिलं, तर सासऱ्याचा हुकूम वाटला. इंग्रजीत ऑफिसची नोटीस. दोन्ही कागद फाडले.

"जावयाला शहाणपण शिकवायचं नसतं," बायको म्हणाली. "स्वतःचा मूर्खपणा सांगा. भरपूर आहे!"

मग लिहिलं, 'आमच्या लग्नानंतर तुमची सासू रुसून माहेरी गेली. येईल आपली आपण, म्हणत मी वाचत बसलो. पाच महिने ती रोज एसटीच्या वेळेला दारात उभी राहायची. हे तिच्या भावानं तीस वर्षांनी सांगितलं.'

बायकोनं पत्र वाचलं. "पाच नाही, सात," म्हणाली, आणि चप्पल घालून स्वतःच पेटीत टाकून आली.