कोंबड्याची सुरई

"ही विकायची नाही," म्हणत म्हातारीने सुरई मांडीवर ओढून घेतली.

फ्रान्समधल्या एका खेड्यातला जुना बाजार. जाड, पिवळसर मातीच्या त्या सुरईवर घाईघाईत रंगवलेला कोंबडा होता. पुण्यात फ्रेंच शिकवणाऱ्या सुनीतीला ती घडवणाऱ्या कुंभाराच्याच भांड्यांचं वेड होतं. तळावरची त्याची खूण तिने लगेच ओळखली.

"माझ्या नवऱ्याच्या हातची शेवटची," म्हातारी म्हणाली. "तुम्ही हौशी लोक त्याची भांडी काचेच्या कपाटात ठेवता. त्याला ते मुळीच आवडायचं नाही."

"माझ्याकडे त्यांचे वाडगे आहेत," सुनीती तिच्याच भाषेत म्हणाली. "रोज त्यांतच आमटी वाढते. डाळीची, चिंचगूळ घातलेली. एका वाडग्याचा टवका उडालाय, तरी माझी मुलगी तोच मागते."

"त्याच्या वाडग्यात? रोज?"

"रोज."

म्हातारी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. सुरईवरून तिने एकदा हात फिरवला, गळ्यातला रुमाल सोडून त्यात ती नीट गुंडाळली आणि सुनीतीच्या हातात दिली.

"हिच्यात काय घालाल?"

"ताक."

म्हातारीने शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "बसा. ते काय असतं, सांगा मला."