सहीसाठी मोकळा

सकाळी नऊला खोतांच्या घरातल्या नव्या वायरिंगची तपासणी संपली. इन्सुलेशन, अर्थिंग, सगळे आकडे चांगले आले. वायरमन मुरलीधर तांबटांनी ते वीजजोडणीच्या दाखल्यात भरले आणि सहीपाशी हात आखडला.

"आता कसली भीती, भाऊ?" वासंती खोत म्हणाल्या. "अख्खा उन्हाळा अंधारात काढलाय आम्ही. गावात कुणी सहीच करत नाही."

नव्या ग्रिडमध्ये दाखल्यावर सही करणाऱ्याची वीज त्या घराशी जोडली जायची. तिथे बिघाड झाला की त्याच्याही घरचा पुरवठा आपोआप तुटायचा. तांबटांच्या पत्नी सुमन कित्येक वर्षं ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या, म्हणून ते सही टाळत आले होते. परवाच त्यांचं तेरावं झालं.

"सुमनवहिनी होत्या तोवर मी एका शब्दानं बोलले का? आता तुमच्याकडची वीज गेली तर कुणाचं अडणार आहे?"

"मी राहतो तिथे," तांबट म्हणाले.

"तुमचा पंखा बंद पडेल, एवढंच ना?"

दुपारी तांबटांच्या फोनवर आणखी काही घरांचे निरोप आले. प्रत्येकानं आधी सांत्वन केलं होतं, मग दाखल्याचं विचारलं होतं.

संध्याकाळपर्यंत खोतांच्या दाखल्यावर सही झालेली नव्हती.