वाटून घेतलेली कळ

रेणुकेची अक्कलदाढ सकाळी काढली, आणि दुपारपर्यंत तिची कळ चार जणांत वाटली गेली होती. नवरा बोटीवर, बहीण हुबळीला, दोघे दीर पुण्यात; प्रत्येकाने मनगटावर पट्टा चढवून आपला वाटा आपल्या दाढेत घेतला होता. पाचवा वाटा सासूचा होता. आक्कासाहेबांनी मात्र पट्ट्याला हातही लावला नाही, आणि तेवढी कळ रेणुकेच्या जबड्यात ठणकत राहिली. लग्नानंतरचे तिचे हे पहिलेच दुखणे होते.

"माझं दुखणं वाटून घेण्याइतकी मी आपली नाही का, आत्याबाई?" तिने गालाला हात लावून विचारले.

आक्कासाहेब गार केलेला मऊ भात घेऊन पलंगावर बसल्या. "माझी दाढ काढली तेव्हा कळ सगळी माझीच होती. पण तिन्ही जावा याच खोलीत ठाण मांडून बसल्या. टाके ओढतात म्हणून मला हसायची बंदी, आणि मेल्या मुद्दाम हसवायच्या. थोरली तर हाताने भरवायची. आता वाटा सगळे घेतात, उंबरा कुणी ओलांडत नाही. तोंड उघड."

रेणुकेने दोन घास गिळले. मग ती सासूच्या खांद्याला टेकली.

"ताईला पट्टा काढून ठेवायला सांगू का?" ती म्हणाली. "म्हणावं, त्यापेक्षा ये."

"जास्त दुखेल हो."

"दुखू दे. दिवाळीपासून भेटलेली नाही ती मला."